सुवास वजनकाट्यावर चढत नाही : चिन्नोर, तलाव आणि वीस रुपये

१/
खरीप तोंडावर आला की सुवासिक तांदळाविषयी दोन गोष्टी नेमाने फिरू लागतात. पहिली अशी की, आपल्या पूर्वजांकडे घमघमणारे धान होते. हरित क्रांती आली आणि तिने ते गिळले. दुसरी अशी की, देशी वाणांना उतारा कधी नव्हताच. आता शास्त्रज्ञांनी अधिक उत्पन्नाचे सुवासिक वाण हाती दिले की शेतकऱ्याचे भले होईल. या दोन गोष्टी सांगणारे एकमेकांचे कट्टर वैरी आहेत. तरी दोघांची नजर एकाच ठिकाणी खिळलेली आहे, ती म्हणजे बियाण्यावर.

२/
या धाग्यात ती नजर बियाण्यावरून पाण्याकडे आणि पाण्यावरून खरेदी केंद्राच्या काट्याकडे न्यायची आहे. उदाहरण चिन्नोर धानाचे. आरंभाचे ठिकाण गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा.

३/
समाजमाध्यमांवर बोदलकसा म्हणजे सूर्यास्ताचे छायाचित्र. डोंगरांच्या कुशीत साठलेले पाणी, हिवाळ्यात उतरणारे पक्षी, काठावरचे पर्यटक निवास, जवळच नागझिऱ्याचे जंगल. देखणे आहेच. पण हा तलाव देखाव्यासाठी कोणी बांधला नाही. तो धानासाठी बांधला. त्यातही वर्षातल्या एका विशिष्ट पंधरवड्यासाठी बांधला, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

४/
१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताचे कंबरडे मोडले. त्यानंतर १९०१ साली सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला गेला आणि १९०३ साली त्याचा अहवाल आला. पुढे सरकारी खर्चाने मोठे तलाव बांधण्याची मोहीमच मध्य प्रांतात निघाली. ब्रिटिश अमदानीतला बोदलकसा तलाव त्याच पिढीचा.

५/
या तलावांचे काम काय होते, हे नीट समजून घ्या, कारण सगळा वाद इथे अडला आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस भरपूर पडतो, पण तो वेळेआधी निघून जातो. हस्ताचा पाऊस हुकला की बांधीतले पाणी आटते, आणि नेमका त्याच वेळी भारी धान गर्भात असतो किंवा लोंबी टाकत असतो. तेव्हाचे एक पाणी मिळाले तर पीक, नाही तर तणस. तलाव या एका पाण्याची हमी होता.

६/
आता ‘हलका’ आणि ‘भारी’ धान. झाडीपट्टीत हे शब्द वजनाचे नाहीत, मुदतीचे आहेत. हलका धान लवकर निघतो. भारी धान पाच महिने शेत अडवतो. चिन्नोर भारी. जुने भारी वाण दिवसाच्या लांबीला बांधलेले असतात. तुम्ही पऱ्हे जूनमध्ये टाका की जुलैत, रात्री पुरेशा लांबल्याशिवाय ते फुलावर येत नाहीत. त्यामुळे त्यांचा दाणा पावसाळा सरल्यावर, थंडी पडू लागल्यावर भरतो.

७/
आणि सुवास? बहुतेक सुवासिक तांदळांचा गंध २-असिटाइल-१-पायरोलीन या एका संयुगातून येतो. दाणा भरण्याच्या काळात हवा गार असेल तर तो अधिक टिकतो, उष्ण असेल तर उणावतो. म्हणजे चिन्नोरचा वास त्याच्या उशिरा पिकण्यात आहे. उशिरा पिकायचे तर पाऊस गेल्यानंतर पाणी लागणार. ते पाणी तलाव देणार. चिन्नोरच्या मुळाशी तलाव आहे तो असा. ही काव्यात्म कल्पना नाही, शेताचे वेळापत्रक आहे.

८/
तलावांची परंपरा इंग्रजांपूर्वीची आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन सवलतीने देण्याची रीत होती. कोहळी समाज या विद्येत पारंगत. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे सांगितले जाते. दोन टेकड्यांमधली फट हेरून पाळ घालायची, सांडव्याला खडक गाठायचा, पाट उताराने न्यायचा. यंत्राशिवाय, पण अंदाजाशिवाय नव्हे.

९/
इंग्रजांनी १८६० च्या दशकातील बंदोबस्तात गावच्या पाटलांना, मालगुजारांना, जमिनीचे मालक ठरवले. तलाव त्यांच्याकडे गेले. आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. सरकारी भाषेत ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’.

१०/
इथे पहिल्या गोष्टीच्या भक्तांना थांबवतो, कारण त्यांचे डोळे आताच ओलावले असतील. मालगुजारी म्हणजे सुवर्णयुग नव्हते. तलावाचा गाळ काढायला, पाळ भरायला माणसे वेठीला धरली जात. बारीक, सुवासिक धान मालगुजाराच्या कोठीत, पाहुण्यांच्या पंगतीत आणि शहराच्या बाजारात जाई. ज्याने चिखलात वाकून रोवणी केली त्याच्या चुलीवर जाड तांदळाची पेज किंवा कोदो-कुटकी शिजे. ‘आपले पूर्वज चिन्नोर खात’ असे लिहिणाऱ्याने आपले पूर्वज नेमके कोण, हे आधी शोधावे.

११/
मालगुजारी गेली ती योग्यच गेली. मध्य प्रदेशाचा मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० चा. अंमल ३१ मार्च १९५१ पासून. कालांतराने तलाव शासनाकडे आले. लहान जिल्हा परिषदेच्या, मोठे पाटबंधारे खात्याच्या ताब्यात. मालक गेला तशी वेठही गेली. पण वेठीने होणारी देखभाल आता कोण करणार, याचे उत्तर कोणी दिले नाही. गाळ साचला, पाळी खचल्या, बुडीत क्षेत्रात नांगर चालू लागले. तलाव नकाशावर तेवढाच राहिला, पोटातून मात्र उथळ झाला.

१२/
उथळ तलाव ऑगस्टमध्ये भरलेलाच दिसतो. त्याचे दारिद्र्य कळते ते ऑक्टोबरात.

१३/
म्हणजे जुना भारी धान मागे पडला तो कोणी विदेशी बियाणे आणले म्हणून नव्हे. ते बियाणे येऊन पोचले तेव्हा त्याच्या पायाखालचे पाणी आधीच सरकू लागले होते. आयआर-८ हे फिलिपाइन्समधील बुटके धान १९६६ सालचे, आपले ‘जया’ १९६८ चे. ज्याला ऑक्टोबरच्या पाण्याची खात्री नाही त्याने लवकर निघणारे, दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारे वाण निवडले, यात मोह कुठे आला? तो हिशेब होता. त्या दशकातल्या अन्नटंचाईत अमेरिकेच्या गव्हावर जगणाऱ्या देशाने दाण्यांची संख्या मोजली, याबद्दलही आज पोटभर जेवून टोमणे मारणे मला रुचत नाही.

१४/
आता दुसऱ्या गोष्टीकडे. ‘सुवास आणि उतारा एकत्र नांदत नाहीत’ हे गृहीतच मुळात कच्चे आहे. सुवासाचे मूळ बहुधा एकाच जनुकात आहे. हे जनुक ‘बीएडीएच-२’ या नावाने ओळखले जाते, आणि सुवासिक वाणांत त्यातील आठ घटकांचा तुकडा गळालेला असतो, हे २००५ साली दाखवले गेले. म्हणजे सुवास हा एका बिघाडाचा प्रसाद. उंची ठरवणारे जनुक त्याहून वेगळे. जुना चिन्नोर उंच वाढतो आणि खत घातले की लोळतो, हे खरे; पण तो लोळतो त्याचे कारण त्याची उंची, वास नव्हे.

१५/
पुरावा हवा असेल तर पुण्याकडे पाहा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांचा संकर केला आणि १९८७ साली ‘इंद्रायणी’ दिला. ज्या आयआर-८ ला तुम्ही खलनायक ठरवता, तोच पुणेरी ताटातल्या लाडक्या भाताचा एक जन्मदाता आहे! दोनच वर्षांनी, १९८९ साली, पुसा बासमती-१ आला. बुटका, भरघोस, तरीही सुवासिक. ‘अधिक उत्पन्नाचा सुवासिक तांदूळ’ ही उद्याची आशा नाही. त्याला जन्मून चार दशके होत आली.

१६/
मग प्रश्न उरतो तो हा : वाण होते, तर धानाचे कोठार म्हणवणाऱ्या गोंदियात घराघरांतून तो सुवास का नाही?

१७/
याचे उत्तर शोधताना शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात जावे लागेल. नागभीड तालुक्यातील नांदेड हे गाव (मराठवाड्यातले नव्हे). तिथले दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर, समाजाच्या उतरंडीत जागा तळाची. १९८३ साली ‘पटेल-३’ या धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे लावल्या, पारखल्या. दाणा बारीक, भात चवदार, वास मूळ वाणापेक्षा चांगला, उतारा हेक्टरी ४०-४५ क्विंटल. १९९० च्या सुमारास तो बाजारात गेला तेव्हा त्या काळी मिरवल्या जाणाऱ्या मनगटी घड्याळावरून त्याला नाव पडले, एचएमटी.

१८/
थोडे थांबून पाहा, इथे काय घडले. अधिक उतारा आणि खाण्यातली गोडी एका दाण्यात आणण्याचे काम एका अल्पभूधारकाने जंगलालगतच्या बांधीत केले. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. एवढ्यावर तो थांबलाही नाही. ‘नांदेड चिन्नोर’, ‘नांदेड हिरा’, ‘डीआरके’ असे वाण त्याने एकामागून एक निवडले. चिन्नोर नावाशी त्याचे नाते तुटलेले नव्हते, हे ध्यानात घ्या.

१९/
पुढचे तुम्ही वाचले असेल. १९९४ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणे नेले, १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित झाला. आपण बियाण्याचे शुद्धीकरण केले, ही विद्यापीठाची बाजू. २०१० साली ‘फोर्ब्स’ने त्यांना भारतातील प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतले. ३ जून २०१८ रोजी ते गेले. अखेरच्या काळात पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते, उपचारासाठी पैशांची चणचण होती. एचएमटी तांदूळ तोवर पाच राज्यांतल्या किराणा दुकानांत पोचला होता.

२०/
ही कहाणी आपण ‘उपेक्षित प्रतिभा’ म्हणून सांगतो, हळहळतो आणि पुढे सरकतो. मला ती पुरावा म्हणून महत्त्वाची वाटते. सुवासिक, बारीक, भरपूर पिकणारे बियाणे एवढ्यानेच जर शेतकऱ्याचे भले होत असते, तर सर्वांत आधी ते त्या बियाण्याच्या जनकाचे झाले असते.

२१/
आता काट्याकडे. गोंदिया-भंडाऱ्यातला बराचसा धान आधारभूत खरेदी केंद्रांवर जातो. पणन महासंघाच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या. तिथे धानाच्या प्रती दोन : ‘साधारण’ आणि ‘अ’. २०२४-२५ सालचे भाव क्विंटलला २३०० आणि २३२० रुपये. २०२५-२६ चे २३६९ आणि २३८९. फरक २० रुपयांचा. २०१८-१९ मध्येही तो २० रुपयेच होता.

२२/
आणि ही प्रत ठरते कशावर? दाण्याच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावर. ओलावा मोजतात, काडीकचरा मोजतात, तुटका दाणा मोजतात. धान हातात घेऊन कोणी हुंगत नाही. पाच महिने शेत अडवून, हस्ताच्या पावसाची वाट पाहून, लोळलेले पीक सावरून आणलेला चिन्नोर त्या काट्यावर ठेवला, तर राज्याच्या लेखी तो बारीक असल्याबद्दल क्विंटलमागे वीस रुपये अधिकचा धान आहे. बस. एका क्विंटलचे वीस रुपये म्हणजे किलोला वीस पैसे.

२३/
राज्य शासनाचा प्रोत्साहनपर बोनस? २०२३-२४ साली हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. तो गरजेचाच आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण तो क्षेत्रावर मिळतो; सुवासाशी त्याचा संबंध नाही. चिन्नोर लावा की १०१० लावा, रक्कम तीच. सुमारे चार महिन्यांत हाती येणारा १०१० लावणाऱ्याला बेअक्कल म्हणणारा शहाणा मला अजून भेटायचा आहे.

२४/
‘मग खुल्या बाजारात विका, भौगोलिक मानांकन आहे की!’ आहे. भंडाऱ्याच्या चिन्नोरला आहे, आणि २०२१ साली शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरलाही मिळाले. इतिहासाच्या अभ्यासकांनी इथे हसून घ्यावे : बालाघाट जिल्हा १८६७ साली मंडला, शिवनी आणि भंडारा यांचेच तुकडे जोडून बनला, आणि गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघाला. एकाच खोऱ्याचा धान, दोन राज्यांचे दोन शिक्के, आणि मधल्या गोंदियाचे नाव कोणत्याच शिक्क्यावर नाही.

२५/
मानांकन म्हणजे नावाचे रक्षण. गिऱ्हाईक ते आपोआप आणत नाही. बासमतीशी तुलना करून पाहा. १९९७ साली अमेरिकेतील राइसटेक कंपनीने बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळवले, तेव्हा भारत सरकार लढले आणि कंपनीला आपले बहुतेक दावे सोडावे लागले. बासमतीसाठी निर्यात विकास प्रतिष्ठान आहे, भेसळ पकडायला डीएनए तपासणी आहे, २०१६ पासून सात राज्यांच्या नकाशावर आखलेले मानांकन आहे. हिमालयाच्या पायथ्याचा दाणा जन्मतः श्रेष्ठ म्हणून हे झाले नाही. त्याच्यामागे राज्य उभे राहिले, कारण तो परकीय चलन आणतो. चिन्नोर नागपूरच्या पलीकडे फारसा गेला नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी न्यायालयात गेले नाही.

२६/
‘बियाणे तरी जपले आहे ना?’ तेही पाहू. डॉ. रा. ह. रिछारिया कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. विदेशी बियाण्यांच्या घाईला विरोध केला आणि पद गमावले. मग १९७१ पासून त्यांनी रायपूरला बसून छत्तीसगड-मध्य प्रदेशातील सतरा हजारांहून अधिक धानांचे नमुने गोळा केले. देशी वाणांतच भरघोस पिकणारे वाण आहेत, ते निवडा, हे त्यांचे सांगणे. १९७६ साली ती संस्था बंद करण्यात आली. संग्रह मात्र उरला. २००२ साली रायपूरच्या विद्यापीठाने सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी त्याबाबत करार करायचे ठरवले, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि कंपनी मागे हटली. चांगले झाले. पण शीतगृहातल्या पाकिटात जिवंत असलेला वाण शेतात मेलेलाच असतो. वास भातातून येतो, पाकिटातून येत नाही.

२७/
या टप्प्यावर विचारले जाईल : मग नवे सुवासिक वाण नकोत का? हवेत. साकोली आणि सिंदेवाहीची संशोधन केंद्रे याच मातीत काम करतात, ‘पीकेव्ही खमंग’सारखा सुवासिक वाण विद्यापीठानेच दिला आहे. चिन्नोर बुटका करा, मुदत थोडी उतरवा, लोळणे थांबवा. माझा एका शब्दानेही विरोध नाही. विरोध आहे तो वाण देऊन हात झटकण्याला. खमंग वाण त्याच काट्यावर न्यायचा असेल तर तोही किलोला वीस पैशांचाच.

२८/
म्हणून मागणी बियाण्याची नाही. आधारभूत खरेदीत सुवासिक धानाची तिसरी प्रत हवी. प्रमाणित बियाणे, नोंदलेले क्षेत्र आणि गंधाची चाचणी यांवर ती ठरवता येते, बासमतीबाबत याहून अवघड चाचण्या रोज होतात. मानांकनाच्या पोत्यावर गोंदियाचे नाव हवे. आणि मामा तलावांचा गाळ काढल्यावर किती घनमीटर निघाला एवढेच न सांगता ऑक्टोबरात किती बांध्यांना पाणी मिळाले, हे गावाला जाहीर सांगणे हवे. बोदलकसा ज्या पंधरवड्यासाठी बांधला, त्या पंधरवड्याचा हिशेब मागितला पाहिजे.

२९/
या धाग्याच्या वाचकांना एक काम. आपल्या भागात इंग्रज बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक गावाचा ‘वाजिब-उल-अर्ज’ लिहिला गेला : गावाच्या रूढी आणि हक्कांची नोंद. तलावाचे पाणी कोणी, कोणत्या पाळीने घ्यायचे, पाळ कोणी दुरुस्त करायची, हे अनेक ठिकाणी त्यात सापडते. जोडीला ‘निस्तार पत्रक’ असते. महसूल अभिलेख कक्षात नक्कल मागता येते. तिरोडा, गोरेगाव, साकोली, अर्जुनी-मोरगाव या भागांतील कोणाच्या हाती अशी नक्कल असेल, तर पाण्याच्या पाळीचा मजकूर असलेल्या पानाचे छायाचित्र खाली जोडा. मोडी किंवा उर्दू असली तरी चालेल, वाचून देणारे इथे आहेत.